१४ इंची रिमच्या १६ इंची केल्या आणि पुढचे टायर आतून खातायत, अलाइनमेंट दोनदा करूनही

कुंभार्लीकर

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, २०१९ ची, ७१ हजार किलोमीटर झालेत. मूळचे टायर १६५/८० आर १४, लोखंडी रिम आणि वर प्लॅस्टिकच्या टोप्या. गेल्या दसऱ्याला हौस आली आणि १६ इंची अलॉय बसवल्या, टायर १९५/५५ आर १६. घेण्याआधी हिशेब केला होता. जुन्या चाकाचा व्यास ६१९.६ मिलिमीटर, नव्याचा ६२०.९. म्हणजे स्पीडोमीटरही बिघडणार नाही आणि टायर मडगार्डलाही लागणार नाही. बायको म्हणाली, एवढ्या पैशांत हॉलला एसी आला असता. तिचं म्हणणं आता पटायला लागलंय.

राहायला चिपळूण, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आई-वडील कराडला, त्यामुळे जवळजवळ दर शनिवारी कुंभार्ली घाट चढायचा आणि रविवारी उतरायचा. नवे टायर ११ हजार किलोमीटर चालले. परवा गाडी धुताना स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं होतं, हात पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर गेला तर पार गोटा! लॅबमधला व्हर्निअर आणून टायरच्या खाचांची खोली मोजली. डावा पुढचा : बाहेर ६.०, मध्ये ५.४, आत २.१ मि.मी. उजवा : ६.१, ५.६, ३.०. मागचे दोन्ही ६.८ च्या आसपास, सगळीकडे सारखे.

या काळात अलाइनमेंट दोनदा केली, दोन्ही वेळा रिपोर्ट पूर्ण हिरवा, म्हणजे सगळं मर्यादेत. गाडी ओढत नाही, स्टेअरिंग सरळ. हवा दर पंधरा दिवसांनी बघतो. हे घाटामुळे होतंय, की रिम बदलल्यामुळे?

मॅगवाला मन्या

भाऊ, साइज वाढवली की अलाइनमेंट बिघडणारच. माझ्या गाडीलाही झालं होतं. दर ३ हजारला अलाइनमेंट करत जा आणि ५ हजारला टायर पुढचे मागे, मागचे पुढे. लुक पाहिजे तर एवढं चालायचंच.

रबराचा धंदा

टायरच्या दुकानात १४ वर्षं झाली, म्हणून लिहितो. १९५/५५ आर १६ ही साइज या गाडीला वाईट नाही. लोड इंडेक्स (टायरवर छापलेला वजनाचा आकडा) ८७ असेल तर एका टायरला ५४५ किलो पेलतं, भरपूर झालं. मला शंका रिमची आहे. चाक काढा आणि मागच्या बाजूला काय कोरलंय ते वाचा. किती जे (रिमची रुंदी, इंचात) आहे आणि ईटी (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर, मि.मी. मध्ये) किती आहे. ईटी मूळपेक्षा १० ने कमी असेल तर चाक प्रत्येक बाजूला १० मि.मी. बाहेर सरकतं, मग बेअरिंग आणि टायरॉडवर (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) ताण वाढतो.

अजून एक. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बहुतेक ७३.१ चं असतं आणि तुमचा हब ५४.१ चा. मधे रिंग घातली आहे का? नसेल तर चाक फक्त नटांच्या जिवावर मध्यात बसलंय. ८०-९० ला स्टेअरिंग थरथरतं का?

कुंभार्लीकर

चाक काढून पाहिलं. ६.५ जे, ईटी ३८. जुन्या लोखंडी रिमवर ५ जे एवढंच वाचता आलं, बाकी गंजलंय. रिंग आहेत, प्लॅस्टिकच्या. थरथर ९० च्या पुढे थोडी येते, पण ती गेल्या पावसाळ्यापासून. त्याआधी नव्हती.

डेपोतला पाना

एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, आता घरी बसून लोकांच्या गाड्यांना नावं ठेवतो. वरचं सगळं वाचलं.

मन्याभाऊ, रिम बदलली म्हणून टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर, ते बदलत नाही. टो ठरतो टायरॉडच्या लांबीवर. रिम १४ ची लावा नाहीतर १६ ची, टायरॉड काही लांब होत नाही. आणि पुढचे मागे करून रोग बरा होत नाही, फक्त चारही टायरांना वाटून दिला जातो.

सर, घाटाचा संशय सोडा. वळणावर वजन बाहेरच्या चाकाच्या बाहेरच्या खांद्यावर जातं. घाटात टायर बाहेरून खातो. तुमचा आतून खातोय, म्हणजे चाकांची तोंडं बाहेर फाकलीत, नाहीतर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, आत झुकलाय. यातलं कोणतं, ते हाताला कळतं. तळवा टायरवर आडवा फिरवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टो. दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत लागलं तर कॅम्बर.

आता दोन प्रश्न. अलाइनमेंटच्या वेळी पोरानं प्रत्येक चाक उचलून फिरवलं होतं का? आणि गेल्या पावसाळ्यात एखादा मोठा खड्डा बसला होता का?

कुंभार्लीकर

काका, हात फिरवला. बाहेर येताना मऊ, आत जाताना करवत. डाव्याला जास्त.

पोरानं चार चाकांना सेन्सर अडकवले, स्टेअरिंगला लॉक लावला आणि लगेच पाना फिरवायला सुरुवात केली. चाक उचललं नाही. दहा मिनिटांत रिपोर्ट हातात. दोन्ही वेळा तेच, तेच दुकान.

आणि खड्डा, हो. जुलैमध्ये पाटणच्या अलीकडे रात्री, खड्ड्यात पाणी भरलेलं. डावं पुढचं चाक असं आदळलं की मागच्या सीटवर झोपलेली मुलगी उठून रडायला लागली. हवा गेली नाही म्हणून पुढे आलो आणि विसरलो.

डेपोतला पाना

मग रिमनं मार खाल्लाय. जुन्या टायरची भिंत किती उंच होती? १६५ चे ८० टक्के, म्हणजे १३२ मि.मी. नव्याची १९५ चे ५५ टक्के, १०७. पंचवीस मि.मी. रबर तुम्ही हौसेपायी घालवलंत. तेवढा दणका पूर्वी रबर खायचं, आता रिम आणि लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) बुश, म्हणजे रबरी सांधा, खातात.

सेन्सरचे पंजे रिमच्या कडेला धरतात. कडच वाकलेली असेल तर मशिनला गाडीचं चाक दिसत नाही, वाकलेली रिम दिसते. म्हणून चाक उचलून, फिरवून तो बाक आधी वजा करायचा असतो. गर्दी असली की हेच आधी गाळतात. मशिन खोटं नाही, पोरगंही वाईट नाही, बाहेर सहा गाड्या उभ्या असतात.

गाडी रॅम्पवर घ्या. डावं चाक हातानं फिरवून रिमजवळ खडू धरा, बाक कळेल. मग लांब पहार घेऊन लोअर आर्मचा मागचा बुश हलवून बघा. टायरॉड एंड बघा. हे सगळं झाल्यावरच अलाइनमेंट, आधी नाही. आणि त्या गाडीत पुढे फक्त टो फिरतो, हे लक्षात ठेवा. कॅम्बर कंपनीनं जो दिलाय तो दिलाय, मागच्या चाकांचं तर काहीच फिरत नाही. कोणी "चारही चाकांचं सेटिंग केलं" म्हणून जास्त पैसे मागितले तर नेमकं काय फिरवलं ते विचारा.

इस्लामपूर एक्सप्रेस

काका रॉक्स. फुकटचा सल्ला : १५ इंची घेऊन टाका. झेडएक्सआयला कंपनीच १८५/६५ आर १५ देते, भिंत १२० ची. लुकही येतो, कंबरही वाचते.

कुंभार्लीकर (सहा दिवसांनी)

कराडमध्ये काकांनी सांगितलं तसंच केलं, दुसऱ्या गॅरेजात. डाव्या रिमची आतली कड आणि बाहेरची कड दोन्हीकडे बाक. बाहेरच्या कडेला खडूनं मोजला तर २ मि.मी. डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश अर्धा फाटलेला, पहार लावली की आर्म सरळ मागे जात होता. मेकॅनिक म्हणाला, उभ्या गाडीत हे कळत नाही, ब्रेक मारला की चाक फाकतं.

आता थोडं फिजिक्स, सवय जात नाही. १६ इंची रिमची बाहेरची कड ते कड साधारण ४४० मि.मी. त्यावर २ मि.मी. बाक म्हणजे अंशाच्या हिशेबात (एक अंश म्हणजे ६० मिनिटं) पंधरा-सोळा मिनिटांची चूक. बाक आडवा आला तर ती टोमध्ये दिसते, उभा आला तर कॅम्बरमध्ये. म्हणजे चाक कुठल्या जागी थांबलंय त्यावर रिपोर्टचा रंग! बुश बदलून, रिम सरळ करून, चाक उचलून बाक वजा करून मग रीडिंग घेतलं. डावं चाक २० मिनिटं बाहेर, उजवं १४. त्या हिरव्या रिपोर्टनंतर.

२० मिनिटांचा साइन काढला तर ०.००५८. म्हणजे एका किलोमीटरमागे टायर जवळजवळ सहा मीटर आडवा घासतोय. चिपळूण ते कराड शंभरेक किलोमीटर धरले तर प्रत्येक फेरीत अर्ध्या किलोमीटरहून जास्त मी टायर आडवा ओढत नेत होतो. अकरावीच्या वर्गात हे उदाहरण दिलं. एकानं विचारलं, "सर, टायर केवढ्याला?" बाकी कोणाला काही पडलेलं नव्हतं.

दोन नवे टायर घेतले, ते मागे लावले. मागचे चांगले होते ते पुढे आणले.

रबराचा धंदा

बरोबर केलंत. ओल्या रस्त्यावर मागचं सुटलं की सावरत नाही, म्हणून चांगले टायर मागेच. सरळ केलेल्या रिमवर मात्र लक्ष ठेवा. अलॉय एकदा वाकून सरळ केली की त्या जागी भेग जायची शक्यता असते. रात्रीत हवा उतरायला लागली तर साबणाचं पाणी लावून कडेला बुडबुडे येतात का बघा.

कुंभार्लीकर (दिवाळीनंतर)

२६०० किलोमीटर झाले. पुढचे टायर ६.८ वरून बाहेर ६.३, मध्ये ६.२, आत ६.३. व्हर्निअर परत लॅबमध्ये ठेवला, शिपाईमामा रोज विचारत होते. ९० ची थरथरही गेली.

काका, एक राहिलं. जुन्या चार लोखंडी रिम गच्चीवर पडून आहेत. भंगारवाला चांगला भाव देतोय. देऊ?

डेपोतला पाना

देऊ नका. घासून रंग मारा, साधे टायर चढवा आणि जूनला त्या लावा. अलॉय गणपतीनंतर परत चढवा, तोपर्यंत गच्चीवर त्यांना जागा द्या.