‘मोड बदला’ म्हणजे नेमकं काय बदला? घरच्या वाय-फायचे शब्द

अमळनेरकर

घरी १०० एमबीपीएसचं फायबर घेतलं. राउटर मात्र भावाकडचा जुनाच लावला. मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला यूएसबीचा वाय-फाय डोंगल आहे. तिथे वेग मोजला की २०-२२ च्या वर काही जात नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ ५४ दिसतो आणि प्लॅन आहे १०० चा. म्हणजे तीन आकडे, आणि तिघांनाही आपण ‘स्पीड’च म्हणतो.

जोडणी करून गेलेल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, वायरलेस मोड बघा, सिक्युरिटी मोड बघा, स्पीड वाढेल.” फोन स्पीकरवर होता. आई शेजारी मटकी निवडत होती. तिने विचारलं, “कसले मोड?” मी तिला सांगायला गेले आणि अडकले. मलाच नीट समजलेलं नाही, हे तेव्हा कळलं.

तर विचारायचं असं, की या ‘मोड’ला आपल्याकडे कोणता शब्द चालेल? आणि ५४ आणि २२ या दोन्ही ‘स्पीड’ना वेगळी नावं आहेत का? कॉम्प्युटर दुरुस्तीचा सल्ला मिळाला तरी हवाच आहे, पण आईला समजेल अशा भाषेत.

शिरपूरकर

ताई, आईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘मोड’ची जागा मराठीत आधीच भरलेली आहे. कडधान्याला मोड येतात. दुकानदार “मोड आहे का?” म्हणतो तेव्हा त्याला सुटे पैसे हवे असतात. जळगावच्या सराफाकडे जुना दागिना ‘मोड’ म्हणून देतात. इंग्रजीतला मोड हुबेहूब त्याच अक्षरांत येऊन बसला, म्हणून ऐकणारा गोंधळतो. फोन ‘सायलेंट मोडवर’ टाकणं आता रुळलं आहे, त्याला माझी हरकत नाही. पण राउटरच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. तिथे दोन पूर्ण वेगळ्या गोष्टींना एकच शब्द आहे.

‘वायरलेस मोड’ म्हणजे राउटर कोणत्या पिढीच्या भाषेत बोलणार ते. ८०२.११ हा वाय-फायच्या नियमांचा क्रमांक, पुढचं अक्षर म्हणजे त्याची आवृत्ती. ८०२.११बी १९९९ मध्ये आलं, त्याची कमाल ११ एमबीपीएस. ८०२.११जी २००३ चं, कमाल ५४. ८०२.११एन २००९ चं, त्याच्या पुढचं. यासाठी मी ‘बोली’ हा शब्द सुचवतो. आपल्याकडे एकच माणूस घरात अहिराणी, बाजारात मराठी आणि नवापूरकडे गेला की गुजराती बोलतो, समोरचा कोण ते बघून. राउटरवर ‘मिक्स्ड’ असतं ते हेच. त्याला ‘मिश्र बोली’ म्हटलं तर आईंना एका वाक्यात समजेल.

‘सिक्युरिटी मोड’ म्हणजे कुलूप. साधं कुलूपच म्हणावं.

आणि तुमचा दोष बहुधा याच कुलपात आहे. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी हे जुने प्रकार लावले असतील तर ‘एन’ बोली चालत नाही. जोडणी ‘जी’वर उतरते आणि आकडा ५४ ला अडकतो. ५४ म्हटल्याबरोबर मला तीच शंका आली. ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगचं पान उघडून डब्ल्यूपीए२ आणि एईएस, म्हणजे त्यांच्यानंतरचं मजबूत कुलूप, निवडा. जुनं कुलूप तसंही सहज फुटतं, ते ठेवूच नये.

रावेरकर

दोन स्पीडचं म्हणाल तर शेतकऱ्याकडे शब्द तयार आहे. आमच्याकडे केळीला ड्रिप येण्याआधीपासून म्हणतात, “पाइप तीन इंची आहे, पण पाणी दीड इंचीच पडतं.” पाइपाची इंच वेगळी, पडतं पाणी वेगळं. विंडोज दाखवतो तो ५४ पाइपाचा. मोजल्यावर येतात ते २२ पडत्या पाण्याचे. म्हणून एकाला ‘जोडवेग’ म्हणा आणि दुसऱ्याला ‘पडता वेग’.

५४ चे २२ का होतात, तेही शेतावरूनच सांगतो. वाय-फायच्या एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. राउटर बोलत असताना कॉम्प्युटर गप्प, कॉम्प्युटर बोलताना राउटर गप्प. शिवाय पोचल्याची पावती प्रत्येक वेळी द्यायची. पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटाचं पाणी पाळीपाळीनेच मिळतं ना, तसं. बारं, म्हणजे पिकाला पाणी, देताना एकाचं वावर लांब आणि चारी (पाण्याची नाली) गाळाने भरलेली असली की त्याची पाळी लांबते आणि मागचे सगळे खोळंबतात. घरात एखादा जुना मोबाइल लांबच्या खोलीतून हळू बोलत असेल तर तो असाच सगळ्यांचा वेळ खातो.

भुसावळकर

रावेरकर भाऊ, पाळीचं एकदम पटलं, पण ‘पडता वेग’ नको. तुमच्याच बाजारात ‘पडता भाव’ म्हणजे घसरणारा भाव. कुणी “माझा पडता वेग ४०” लिहिलं तर वाचणारा म्हणेल, रोज घसरतोय का? ‘मिळता वेग’ म्हणू या.

शिरपूरकर

‘मिळता’ चांगला आहे. शाळेच्या पुस्तकात स्पीडला ‘चाल’ म्हणतात आणि ‘वेग’ वेगळ्या अर्थाने येतो, पण इंटरनेटची ‘चाल’ कुणाच्याच तोंडी बसणार नाही. तिथे मी हट्ट धरत नाही. एक भर मात्र घालतो. एमबीपीएसमधला ‘बी’ बिटचा आहे. फाइल उतरवताना दिसतो तो बाइटचा, म्हणजे ८ ने भागायचं. ४० एमबीपीएस मिळत असतील तर फाइल सेकंदाला ५ एमबीने उतरेल. त्यात बिघाड काही नाही.

भुसावळकर

‘जी’बद्दलही बोलायला हवं, कारण खरा घोटाळा तिथे आहे. एकाच अक्षराचे तीन अर्थ एकाच घरात नांदतात. मोबाइलच्या ‘५जी’तला जी म्हणजे पिढी. राउटरच्या नावापुढे ‘५जी’ लिहिलेलं असतं तो गिगाहर्ट्झचा, म्हणजे लहरींचा पट्टा. आणि ८०२.११जी मधला जी नुसता ओळीतला अक्षरक्रम. माझ्या मावसभावाने राउटरवर ‘५जी’ वाचलं आणि ५जी सिम असल्याशिवाय ते चालणार नाही असं समजून वर्षभर त्याला हात लावला नाही. दोष त्याचा नाही, शब्दाचा आहे. २०१८ पासून वाय-फाय ४, ५, ६ अशी सोपी नावं दिली गेली. एन म्हणजे ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६. आपण तीच वापरावीत. पट्ट्याला ‘पाचचा पट्टा’ आणि ‘अडीचचा पट्टा’ म्हणावं. खरा आकडा २.४ आहे, पण बोलताना अडीच चालेल.

आणि ‘रेंज’. “रेंज शे, पन नेट चालस नई,” असं आमची आजी म्हणते. तिला रेंज म्हणजे पल्ला नव्हे, तर वरच्या काड्या. तिचं वाक्य बरोबरच आहे. काड्या भरलेल्या असूनही पाळी येत नाही, असं होऊ शकतं.

अमळनेरकर ताई, राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये कूलर आहे का? आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याचा मोठा कूलर खिडकीतून आत घेतला आणि मधल्या खोलीतलं नेट गेलं. पत्रा लहरी परतवतो आणि टाकीतलं पाणी त्या शोषतं.

अमळनेरकर

कूलर नाही, पण कुलूप सापडलं. राउटरच्या पानावर टीकेआयपी होतं. डब्ल्यूपीए२-एईएस केलं, तर घरातले सगळे मोबाइल तुटले, त्यांना पासवर्ड पुन्हा द्यावा लागला. कॉम्प्युटरवर आधी ‘प्रोटोकॉल’समोर ८०२.११जी होतं, तिथे आता वाय-फाय ४ आलं. जोडवेग ७२, मिळता वेग ३८ ते ४१. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवरून ४० केली तर जोडवेग १५० झाला, पण गल्लीत घरोघरी राउटर असल्याने मिळता वेग उलट खाली आला, म्हणून परत २० वर ठेवली. १०० मिळवायचे तर पाचच्या पट्ट्याचा डोंगल आणि राउटर घ्यावा लागेल, हेही समजलं.

आईला सांगितलं, “राउटरचं कुलूप बदललं, आता तो नव्या बोलीत बोलतो.” तिने लगेच विचारलं, “मग तुझ्या भावाच्या जुन्या फोनचं काय? त्याला ती बोली येते का?” तो फोन फक्त ‘जी’चा निघाला. कुलूप मात्र त्याला नवं चालतं. मिश्र बोली तशीच ठेवली आहे.