इंग्रजीच्या क्लासला १६ जण बसले होते, आता ५ उरलेत. काय करावं?

गोकुळशिरगावकर:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपचं प्रॉडक्शन बघतो. ६४ माणसं, ९ व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी मशीनं. फौंड्रीतून कास्टिंग येतं, पंपाचं हाउसिंग मशीनिंग करून आम्ही जर्मनीला धाडतो.

गेल्या दिवाळीच्या आधी तिकडचा क्वालिटीवाला लाईनवर आला. ऑपरेटरला विचारलं, बोअर, म्हणजे आतलं भोक, मापापेक्षा मोठा झाला तर काय करता? आमच्या गड्याला सगळं तोंडपाठ. मशीन थांबवायचं, जॉबला (मशीनवरच्या नगाला आम्ही जॉब म्हणतो) लाल टॅग, मागचे ५ जॉब परत मोजायचे. पण तो माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला आणि मीच उत्तर दिलं. पाहुण्यानं वहीत काहीतरी खरडलं. रिपोर्ट आल्यावर कळलं: ऑपरेटरला प्रक्रिया माहीत नाही. अहो, ती प्रक्रिया ज्यानं आम्हाला बसवून दिली, त्याच्याच मशीनवर हा शेरा.

मग पाडव्यानंतर क्लास काढला. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते, म्हणून मंगळवार-शुक्रवार पावणेचार ते पावणेपाच. शहरातून सर येतात, माणूस चांगला आहे. पुस्तकात हॉटेलात खोली कशी मागायची वगैरे धडे. पहिल्याच दिवशी सरांनी एकाला विचारलं, "व्हॉट इज युवर जॉब?" त्यानं छाती काढून सांगितलं, "पंप हाउसिंग!" आम्ही सगळे हसलो. तोही हसला, पण पुढच्या मंगळवारी आला नाही.

पूर्ण हजेरीला ५०० रुपयांचं व्हाउचर ठेवलं. महिन्यानं ५० मार्कांची परीक्षा घेतली, निकाल नोटीस बोर्डावर लावला. आमच्या ४८ वर्षांच्या सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, ११ मार्क, त्याच्याच हाताखालच्या ट्रेनीला ३८. दुसऱ्या दिवसापासून सेटरला क्लासच्या वेळेलाच नेमका ओव्हरटाइम निघायला लागला.

मालक म्हणतात, माणसांना शिकायचंच नाही. मला ते पटत नाही. उत्साह टिकवायला तुम्ही काय करता?

भोसरी_प्लॉट१२:
स्किल मॅट्रिक्सच्या, म्हणजे कुणाला काय किती येतं त्याच्या तक्त्यात इंग्रजीचा एक कॉलम वाढवा. लाईनवर तो टांगलेलाच असतो, गोल किती भरला ते सगळ्यांना दिसतं. आपोआप चुरस लागते. आमच्याकडं पोकायोके (चूक होऊच न देणारी सोय), फाइव्ह एस (जागेची शिस्त-स्वच्छता) सगळं असंच रुजवलं.

जुना_सेटर:
वरच्या साहेबांचा तक्ता राहू द्या. ते मार्क बोर्डावर लागले तिथंच तुमच्या क्लासचा एम थर्टी झाला, साहेब. प्रोग्रॅम एंड. आता सायकल स्टार्ट कितीही दाबा.

मी १४ वर्षं व्हीएमसीवर होतो, आता मशीन विकणाऱ्या एकाकडं सर्व्हिसला आहे. दहावीला इंग्रजीत गेलो होतो, ऑक्टोबरला ३५ वर सुटलो. तेव्हा तुमच्या त्या सेटरच्या पोटात काय झालं असेल, ते मला विचारा. कोवळ्या पोरासमोर मापात कमी पडणं त्याला एकवेळ चालेल, कारण मापात तो परत वर येणार हे त्याला ठाऊक असतं. इंग्रजीत ती खात्री नसते.

आता माझं सांगतो. मी क्लासला कधी गेलो नाही. मशीनवर अलार्म आला की स्क्रीनवरची ओळ अक्षर न् अक्षर वहीत उतरवायचो. शेजारी मराठीत अर्थ, खाली मी काय केलं ते. "ओव्हर ट्रॅव्हल", "ल्यूब ऑइल लेव्हल लो", "एअर प्रेशर लो". तीन-चार महिन्यांत साठेक ओळी झाल्या. त्यातलं "लो" समजलं, की कशाच्या मागं ते लावायचं हे आपसूक कळायला लागलं. तुमचे गडी रोज आठ तास इंग्रजीच वाचतात, साहेब. ऑफसेट, फीड, कूलंट, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक), रिजेक्शन. दीडदोनशे शब्द त्यांच्या हातात आहेत. फक्त ते एका दोऱ्यात कुणी ओवून दिले नाहीत. हॉटेलातली खोली घेऊन त्यांनी काय करायचं?

वहीनंतर आमच्या सुपरवायझरनं एक गोष्ट केली. शिफ्टच्या चार्ज रजिस्टरमध्ये रोज एकच ओळ इंग्रजीत लिहायची, बाकी मराठीत. चुकली तरी त्यानं कधी लाल पेन लावला नाही. खाली आपल्या अक्षरात बरोबर ओळ लिहायचा, बास. मी लिहिलं होतं, "टूल इज डाय." त्यानं खाली लिहिलं, "टूल इज वर्न आउट." आठवड्यानं मी तेच लिहायला लागलो. कुणी शिकवलं असं वाटलंच नाही.

आणि पावणेचारची वेळ कुणी काढली? तुमची निम्मी माणसं कागल, मुरगूड, हुपरीकडची असणार. घरी म्हशी आहेत. धारेची वेळ झालेली, डेअरीत दूध वेळेत पडायला पाहिजे. तुमच्या ५०० च्या व्हाउचरपेक्षा एका चुकलेल्या धारेचं नुकसान घरात जास्त ऐकावं लागतं. क्लास कंपनीच्या वेळेत घ्या, पंधरा मिनिटं, मशीनपाशी उभं राहून. साहेब लोकांनी तेवढा वेळ चहाला जायचं.

शाळेतली_बाई:
मी मराठी शाळेत शिकवते, शॉपमधलं कळत नाही, पण एक विचारू? त्या ट्रेनीचा जन्म १९९४ नंतरचा आहे ना? आपल्याकडं पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. त्याआधीची मुलं एबीसीडी पाचवीत गिरवायची. सेटरदादांनी दहावीपर्यंत सहा वर्षं इंग्रजी शिकलंय, त्या मुलानं दहा. दोघांना एक पेपर देऊन नंबर लावणं म्हणजे एकाला मागून पळायला सांगून हरला म्हणणं. आणि ५० पैकी असं काही काढूच नका. ज्यांना दहावीला इंग्रजीनं रडवलं, त्यांना पेपर बघूनच घाम फुटतो.

श्टुटगार्टचा_पाव्हणा:
मी इकडच्या बाजूला असतो, म्हणजे तुमचं हाउसिंग जिथं येतं तिथं. तुमच्या लोकांना एवढंच सांगा की इकडच्यांची इंग्रजी काही मातृभाषा नव्हे. आमचा स्टोअरवाला बिनदिक्कत म्हणतो, "आय बिकम द पार्ट्स ऑन मंडे." जर्मनमध्ये बेकोमेन म्हणजे मिळणं, तेच तो इंग्रजीत ढकलतो. सोमवारी हा गडी स्वतःच पार्ट होणार! कुणी हसत नाही, पार्ट सोमवारी येतात. तुमच्या ऑपरेटरनं "स्टॉप मशीन, रेड टॅग, चेक लास्ट फाइव्ह" एवढे तुकडे टाकले असते तरी त्या रिपोर्टात तो शेरा आला नसता.

लाल_टॅग:
सगळं ठीक, पण कामगारानं इंग्रजी शिकायचं, साहेबानं दुभाषा व्हायचं नाही, असं का? त्या दिवशी तुम्ही "यालाच विचारा, मी सांगतो तो काय म्हणतो ते" असं म्हणाला असता तर? आणि शिकल्यावर ग्रेड वाढणार का, की फक्त व्हाउचर?

गोकुळशिरगावकर:
लाल_टॅग, हे झोंबलं, पण खरं आहे. त्या दिवशी मी त्याच्या तोंडातलं उत्तर काढून घेतलं. ग्रेडचं मालकांकडं टाकलंय. ते म्हणतात, शिकला की चाकणला पळेल. मी म्हटलं, आत्ताही पळतायतच की, इंग्रजी न येता.

जुना_सेटर, धारेचं तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी स्वतः शहरात राहतो. हजेरी काढून बघितली, तर गळालेल्या ११ पैकी ७ जणांच्या घरी जनावरं.

गोकुळशिरगावकर (दोन महिन्यांनी):
काय झालं ते सांगतो. क्लास आता सव्वातीन ते साडेतीन, मशीनपाशी. आमच्या हाउसिंगची सायकल ७ मिनिटांची, म्हणजे पंधरा मिनिटांत दर मशीनमागं २ जॉब बुडतात, ९ मशीनला १८. आठवड्यात दोनदा. मालकांनी तोंड वाकडं करून मान्य केलं. सरांनी पुस्तक बाजूला ठेवून अलार्मची यादी घेतली. त्यांनाच निम्मे शब्द आमच्या पोरांना विचारावे लागले, आणि माझ्या मते त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. सर विचारतात, "बर म्हणजे काय?" आणि गडी जॉब हातात देऊन कडेला राहिलेल्या धातूच्या खरखरीत कुशीवरून बोट फिरवायला लावतात. आता १३ जण उभे राहतात. ग्रेडचं अजून भिजत पडलंय.

सेटर काही येत नाही. लांब उभा राहून चक साफ करतो. पण चार्ज रजिस्टरमध्ये परवा त्याच्या अक्षरात एक ओळ सापडली: "इन्सर्ट ब्रोकन. नॉट माय मिस्टेक."

भोसरी_प्लॉट१२:
वा! ही ओळ फोटो काढून बोर्डावर लावा, बाकीच्यांना हुरूप येईल.

गोकुळशिरगावकर:
नको. बोर्डावर आता फक्त सुट्ट्यांची यादी लागते.

जुना_सेटर:
खाली बरोबर ओळ लिहायला जाऊ नका हं. ती बरोबरच आहे.