मालवणला दोन मुक्काम: आपण कसे आखले, प्रत्यक्षात काय घडले? (अनुभव धागा)

मालवणमध्ये काय पाहावे याच्या याद्या मुबलक मिळतात. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी कामावर हजर व्हायचे असेल, तर त्या यादीतले कशाच्या आधी काय करावे आणि काय सोडून द्यावे, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. मालवण हे आधी मासेमारीचे बंदर आहे आणि पर्यटनाचे गाव नंतर. तिथल्या होड्या, तिथला बाजार आणि तिथली ताटे वाऱ्यावर, तिथीवर आणि हंगामावर चालतात, आपल्या रजेवर नव्हे. म्हणून ज्यांनी मालवण-तारकर्ली-देवबाग या पट्ट्यात एखादा छोटा मुक्काम केला आहे, त्यांनी आपला अनुभव इथे सविस्तर लिहावा, ही विनंती. कोणत्या महिन्यात गेलात, कुठे उतरलात, काय ठरवले होते आणि समुद्राने त्यातले किती होऊ दिले, एवढे आले तरी पुरेल. हॉटेलांची नावे आणि दर नसले तरी चालतील, कारण ते वर्षभरात बदलतात.

रातराणी (मुंबई)

सुरुवात प्रवासापासून करतो, कारण दोन मुक्कामांच्या सहलीत निम्मा हिशेब प्रवासाचाच असतो. मालवणला रेल्वे नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग (ओरोस) किंवा कणकवली यांपैकी एका स्थानकावर उतरून पुढे एसटीने, रिक्षाने किंवा ठरवलेल्या गाडीने जावे लागते. यांपैकी कुडाळ आम्हाला नेहमीच सोयीचे वाटले. तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर आहे. रात्रीची कोकणकन्या घेतली की सकाळी कुडाळ येते आणि शनिवार पूर्ण हाताशी राहतो. मांडवीचा दिवसाचा प्रवास डोळ्यांना फार सुखद असतो हे खरे, पण तो एक अख्खा दिवस खातो, तेव्हा ती चैन लांबच्या रजेसाठी राखून ठेवावी. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी खुले होते. जोडून सुट्ट्या असतील तर त्या साठाव्या दिवशी सकाळी आठला तयार राहिल्याशिवाय गत्यंतर नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश धावतात, हेही धरून चालावे.

पाऊणपट (रत्नागिरी)

माझा मुद्दा एकच आहे: तारीख ठरवण्याआधी भिंतीवरचे कॅलेंडर पाहा आणि त्यात वार पाहण्याआधी तिथी पाहा. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी येते आणि दर दिवशी ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. पंधरावीस मिनिटांचा फरक पडतो, पण सहल आखायला एवढे पुष्कळ होते.

आता याचा उपयोग पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप उतरते. त्या दिवसांत ओहोटी सायंकाळी पाच-साडेपाचला येत असल्याने रॉक गार्डनच्या खडकांतले डबके, त्यातले खेकडे आणि लहान मासे सूर्यास्ताच्या वेळी निवांत पाहता येतात. पण त्याच दिवसांत पाण्याला ओढ असते, तळची रेती ढवळली जाते आणि स्कूबासाठी गेलेल्याला धुरकट पाण्यापलीकडे फारसे दिसत नाही. उलट अष्टमीच्या सुमारास भांग असतो. चढउतार कमी, पाणी त्यामानाने निवळ, मात्र खडक तितकेसे उघडे पडत नाहीत. देवबागच्या संगमाजवळची ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून दाखवली जाणारी वाळूची पट्टी पाहायची असेल, तर तीही ओहोटीच्याच वेळेला गाठावी. भरतीला तिथे गुडघाभर पाण्यात उभे राहावे लागते. थोडक्यात, खडक आणि स्कूबा हे दोन्ही एकाच शनिवार-रविवारी उत्तम मिळणे कठीण आहे. आम्ही मुलांच्या हट्टाने पंचमी-षष्ठीचा शनिवार-रविवार निवडला आणि दोन्ही मध्यम प्रतीचे मिळाले. मुलांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

(जाता जाता: ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर हे मूळचे मालवणचेच. गावातले जय गणेश मंदिर त्यांनीच बांधले. मालवणात तिथी पाहायची सवय लागली तर ती त्या मातीला धरूनच आहे.)

खारा वारा (नाशिक)

सिंधुदुर्ग किल्ला पहिल्याच सकाळी करावा, या मताचा मी आहे. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. पहिला दिवस गावात आणि बाजारात घालवून किल्ला रविवारी दुपारवर ठेवला होता. सकाळी समुद्र शांत असतो आणि दुपारनंतर वारा वाढतो, हे तिथे सर्वांनाच ठाऊक असते. आम्ही जेट्टीवर पोहोचलो तेव्हा एका वयस्कर होडीवाल्यांनी लाटांकडे बोट दाखवून ‘वारो सुटलो हा, आज होडी जावची नाय’ एवढेच सांगितले आणि ते दोर गुंडाळू लागले. वाद घालण्यात अर्थ नव्हता. ठरलेली परतीची गाडी सोडून आम्ही एक मुक्काम वाढवला आणि सोमवारी सकाळी पहिल्या होड्यांपैकी एकीने गेलो.

गेलो ते फार बरे झाले. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली आणि 1667 मध्ये तो पूर्ण झाला, हे पाठ असते. पण होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर त्या बांधणीची हुशारी कळते. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारे पाणी असताना तेच पाणी आजही तिथल्या वस्तीच्या उपयोगी पडते. राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वर मंदिरही पाहावे. होडीवाले साधारण तासाभराची मुदत देतात. तटावरून निवांत चालायचे असेल तर ती पुरत नाही, म्हणून निघतानाच त्यांच्याशी बोलून परतीची वेळ ठरवून घ्यावी. पावसाळ्यात, म्हणजे साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, ही वाहतूक बंद असते.

तिरफळ (कोल्हापूर)

मी मासे खाण्यासाठीच जातो, तेव्हा माझा अनुभव बंदराचा आहे. कोल्हापूरकरांना राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली हा रस्ता जवळचा पडतो. पहाटे निघाले की मासळी ताटात पडण्याच्या वेळेला माणूस मालवणात असतो.

लिलाव पाहायचा असेल तर घड्याळाची वेळ विचारू नये, होड्या कधी लागणार ते विचारावे. होडी लागली की मासळी वाळूवर किंवा ओट्यावर जातवार ओतली जाते आणि विकणाऱ्या बायका भोवती कोंडाळे करतात. बोली इतकी भरभर चालते की नवख्याला आकडे समजत नाहीत. मला त्यातली एक बाई अजून आठवते. सगळे बोली लावत असताना ती काहीच बोलत नव्हती. तिने ढिगातल्या तळाच्या बांगड्याचा कल्ला अंगठ्याने वर केला, आतला लाल रंग पाहिला, बोटाने पोट दाबून पाहिले आणि शेवटच्या क्षणी एकच आकडा बोलून ढीग उचलला. तेव्हापासून मीही बाजारात वरचा मासा पाहत नाही. तिथे उभे राहायचे तर एका बाजूला राहावे, पसरलेल्या जाळ्यावर पाय देऊ नये आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. लोक कामात असतात; तो कोणासाठी मांडलेला देखावा नव्हे.

खाण्याविषयी माझा आग्रह असा, की प्रत्येक जेवणाला सुरमईच मागू नये. सुरमई पुण्या-मुंबईतही मिळते. पावसाळ्यानंतरचे बांगडे तिरफळ घालून, पेडवे, सौंदाळे, तिसऱ्यांचे सुके हे तिथे खावे. आज काय ताजे आले आहे असे विचारून जे मिळेल ते घेणाऱ्याला स्वस्तही पडते आणि चांगलेही मिळते. सोलकढी जेवणाच्या शेवटी घ्यावी. सुरुवातीलाच दोन पेले रिचवणारे पुढे भाताला न्याय देऊ शकत नाहीत.

घासफूस (पुणे)

वरचे वाचून शाकाहारी मंडळी घाबरतील, म्हणून थोडक्यात लिहिते. घरगुती निवासात आदल्या दिवशी सांगितले तर काही अडत नाही. मार्चमध्ये आम्हाला ओल्या काजूंची उसळ, फणसाची भाजी, आंबोळ्या आणि नारळाच्या रसात बुडवलेले घावणे मिळाले. ऐन वेळी खाणावळीत शिरलात तर मात्र वरण-भात आणि बटाट्यावर भागवावे लागते.

सांजवेळ (ठाणे)

आई-वडील बरोबर असणाऱ्यांसाठी. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे हलत्या होडीत चढणे-उतरणे हाच खरा प्रश्न होता. अंतर फार नव्हते. ओहोटीच्या वेळी जेट्टी आणि होडी यांतली उंची वाढते, म्हणून वर ‘पाऊणपट’ यांनी दिलेला हिशेब आम्हाला फार उपयोगी पडला असता. शेवटी वडील आणि मुले किल्ल्यावर गेली, आई आणि मी रामेश्वराचे देऊळ पाहून चिवल्याच्या किनाऱ्यावर बसलो. मुक्काम आम्ही मुद्दाम गावात केला. तारकर्ली-देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, अशी सुंदर चिंचोळी पट्टी आहे, पण रात्री औषधाचे दुकान किंवा डॉक्टर लागले तर मालवणातच यावे लागते. तरुणांनी खुशाल तिकडे राहावे.

वाटसरू (बेळगाव)

आणखी एक सूचना. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगातल्या ठरावीक तिथीला नसते. ती गावकरी ठरवतात आणि मग जाहीर होते. त्या दिवसांत कोकण रेल्वे, एसटी आणि मालवणातल्या खोल्या यांपैकी काहीही मिळत नाही. जत्रेलाच जायचे असेल तर गोष्ट वेगळी. नाताळचा आठवडाही असाच.

माडाखाली (मालवण)

मी इथलीच आहे आणि आमच्याकडे न्याहारी-निवास योजनेखाली पाहुणे उतरतात, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. फोन करणारे बहुतेक जण पहिल्यांदा एसी आहे का ते विचारतात. त्याआधी विचारण्यासारखे बरेच आहे: त्या दिवसांत भरती कधी आहे, वारा कसा आहे, आमच्या किनाऱ्यावर रापण लागते का, जेवणाची मासळी आम्ही कुठून आणतो. रापण पाहायची असेल तर पहाटे उठावे लागते. होडीतून जाळे अर्धगोलात सोडतात आणि मग दोन्ही टोकांना माणसे लागून ते किनाऱ्यावर ओढतात; तासन्तास चालणारे काम आहे. आमच्याकडच्या पाहुण्यांनी ओढायला हात लावला तर रापणकर सहसा नको म्हणत नाहीत, कधी ओंजळभर पेडवेही देतात, पण ते हक्काने मागू नयेत. त्यातून अनेक घरांचे वाटे पडायचे असतात, आणि यांत्रिक बोटींमुळे रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही.

1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तेव्हा येणाऱ्यांना मी आधीच सांगते की ताटात खाडीचे मासे, खेकडे किंवा सुका बांगडा असेल आणि किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागेल. तरीही कित्येक जण केवळ पाऊस पाहायला येतात. त्यानंतर नारळी पौर्णिमा येते. बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होतो आणि नारळ लढवण्याच्या स्पर्धा होतात. ती गर्दी इथल्या माणसांची असते. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुचवते, तोही शक्यतो रविवार-सोमवार-मंगळवार, कारण शनिवारची गर्दी तोवर घाटापलीकडे गेलेली असते.

रातराणी (मुंबई)

परतीचे राहिले होते. खाजे आणि मालवणी मसाला निघण्याच्या आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवावा, सकाळी एसटीच्या घाईत जमत नाही. सुकी मासळी घेणार असाल तर दुहेरी पिशवीत घट्ट बांधून मग झाकणाच्या डब्यात ठेवावी, नाहीतर वातानुकूलित डब्यात रात्रभर सहप्रवाशांच्या नजरा झेलाव्या लागतात.