न्यूरोडायव्हर्जंट खेळाडूला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

एका क्रीडालेखाचा अनुवाद करते आहे. पहिल्याच वाक्यात ‘न्यूरोडायव्हर्जंट एलिट ॲथलीट’ आलं आणि गाडी अडली. न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे ज्याचा मेंदू बहुतेकांपेक्षा वेगळ्या पद्धतीनं चालतो असा. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष आणि चंचलतेशी निगडित), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाशी निगडित), टूरेट (आपसूक होणाऱ्या हालचाली आणि आवाज) हे सगळं पोटात घेणारा शब्द हवा आहे. कोश चाळून ‘मज्जाविविध उच्चभ्रू क्रीडापटू’ असं लिहिलं, मोठ्यानं वाचलं आणि खोडून टाकलं. काही सुचतंय का?

प्रतिसाद

आधी ‘उच्चभ्रू’ला निरोप द्या. उच्चभ्रू वस्ती असते, उच्चभ्रू अभिरुची असते. दिवसाला दोनदा तलावात उतरणारा जलतरणपटू उच्चभ्रू नसतो, तो ‘अव्वल’ असतो. ‘अव्वल दर्जाचा’ किंवा नुसतंच ‘अव्वल खेळाडू’. क्रीडापानांना हा शब्द चांगला सरावाचा आहे.

‘मज्जा’ची अडचण उघड आहे. मज्जासंस्था, मज्जातंतू इथपर्यंत ठीक, पण ‘मज्जाविविध’ ऐकलं की कुठेतरी मज्जा चाललीय असं वाटतं. त्यापेक्षा ‘चेता’ बरा. चेतासंस्था, चेतापेशी हे शब्द शाळेपासून ओळखीचे आहेत.

खरी चूक मात्र ‘विविध’मध्ये आहे. एकटा माणूस विविध कसा असेल? विविधता समूहात असते. इंग्रजीतही हे दोन शब्द वेगळे आहेत. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांच्या १९९८च्या प्रबंधात येतो, तो सगळ्या माणसांच्या मेंदूंबद्दल. एका व्यक्तीला लावायचा ‘न्यूरोडायव्हर्जंट’ ऑटिस्टिक-हक्क चळवळीतल्या कॅसियन असासुमासू यांनी २०००च्या सुमारास रूढ केला. म्हणून संघाला ‘चेतावैविध्य’ चालेल, खेळाडूला नाही.

प्रतिसाद

डायव्हर्जंटला विज्ञानाच्या पुस्तकात ‘अपसारी’ म्हणतात, अपसारी भिंग आठवत असेल. त्या हिशेबानं ‘चेतापसारी धावपटू’. सुचवत नाहीये, फक्त बजावून ठेवतोय, कारण कोणीतरी समिती नेमली की हेच होणार.

प्रतिसाद

नामापेक्षा त्याला चिकटणाऱ्या शब्दांनी जास्त घोळ होतो. ‘ऑटिझमग्रस्त फुटबॉलपटू’ घ्या. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या रांगेत ल्यूसी ब्राँझला बसवायचं? आपल्याला ऑटिझम आणि एडीएचडी असल्याचं निदान २०२१मध्ये झालं, हे तिनं २०२५मध्ये जाहीरपणे सांगितलं. तेव्हा ती इंग्लंडची पहिल्या पसंतीची बचावपटू होती. ग्रासलं कोणी कोणाला?

तसंच ‘मात’. ‘एडीएचडीवर मात करून फेल्प्सची २८ ऑलिंपिक पदकं.’ जलतरणपटू मायकेल फेल्प्सचं निदान नवव्या वर्षी झालं, पण मात कसली? पदकं आली तेव्हाही एडीएचडी होताच. ‘एडीएचडी असलेला’ एवढंच लिहा.

‘स्वमग्नता’ हा ऑटिझमसाठी रुळलेला शब्द आहे, मोडीत काढा म्हणणार नाही. पण खेळाच्या बातमीत जपून. ‘शर्यतीआधी ती स्वमग्न होती’ हे निदान आहे की वर्णन? शर्यतीआधी सगळेच स्वमग्न असतात. तिथे मी सरळ ‘ऑटिस्टिक’ लिहितो.

आणि ‘मतिमंद’, ‘गतिमंद’ हे तर यात अजिबात मिसळू नका. पॅरालिंपिकमध्ये ॲथलेटिक्सचा टी-२० आणि जलतरणाचा एस-१४ हे वर्ग बौद्धिक अक्षमतेसाठी आहेत. नुसता ऑटिझम किंवा एडीएचडी असला म्हणून तिथे प्रवेश मिळत नाही. बातम्यांत हे दोन्ही सर्रास एक होतात.

प्रतिसाद

मी भाषेचा माणूस नाही, ॲथलेटिक्सचा प्रशिक्षक आहे. माझा प्रश्न क्रियापदाचा आहे.

माझ्याकडे लांब उडीची एक मुलगी होती. एका दमात पाच सूचना दिल्या की तिच्याकडे पहिली तेवढी उरायची. मी ओरडायचो, ‘तू लक्ष देत नाहीस!’ तीच मुलगी, धावमार्गाच्या कडेला तिच्या खुणेची चिकटपट्टी कोणी बोटभर सरकवली तर दुरूनच ओळखायची आणि ती जागेवर येईपर्यंत पाऊल उचलायची नाही. पुढे एडीएचडीचं निदान झालं. (निदान तेव्हा तरी मी गप्प बसलो, असं घरचे म्हणतात.)

मराठीत ‘लक्ष देणं’ वेगळं आणि ‘लक्ष लागणं’ वेगळं. देणारा कर्ता असतो, दिलं नाही तर दोष त्याचा. लागणं आपसूक होतं. झोप लागते, भूक लागते, तसं लक्ष लागतं. ‘तिचं लक्ष लागत नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता: मग कशानं लागेल? मी एका वेळी एकच सूचना द्यायला लागलो, तीही वाळूत रेघ ओढून. हे आधीही करता आलं असतं.

प्रतिसाद

वा! मग ‘हायपरफोकस’ (एकाच गोष्टीत पार बुडून जाणं) म्हणजे ‘तंद्री लागणं’. तीही लागतेच, कोणी देत नाही. ‘अतिएकाग्रता’ लिहिलं की तो एखादा अभ्यासून कमावलेला गुण वाटतो.

प्रतिसाद

लेखात औषधांचा भाग असेल तर एक सूचना. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध आहे आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत ‘उत्तेजक’ही आहे. बंदी स्पर्धेपुरती असते, म्हणजे सहसा स्पर्धेच्या आदल्या रात्री ११:५९ पासून. आधी अर्ज करून वैद्यकीय कारणासाठी परवानगी मिळवता येते. हिला ‘सवलत’ म्हणू नका. सवलत तिकिटात मिळते, आणि त्यातून खेळाडूला काही जादा मिळालं असं ध्वनित होतं. ‘मुभा’ म्हणा. २०१६मध्ये हॅकरांनी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सची वैद्यकीय कागदपत्रं फोडली, तेव्हा तिच्याकडे ही मुभा रीतसर होती. लहानपणापासून एडीएचडीचं औषध घेते, त्यात लाज कसली, असं तिनं उघड सांगितलं. ‘बाइल्स उत्तेजक प्रकरण’ असा मथळा म्हणूनच खोटा ठरतो, शब्द यादीतला असला तरी.

विचारणा करणारी

सगळ्यांचे आभार. सध्या असं लिहिलंय: ‘मेंदूची घडण निराळी असलेले अव्वल खेळाडू’. पुढे एकदा ‘न्यूरोडायव्हर्जंट’ देवनागरीत देऊन तोच वापरते आहे. वाचकांना तो आता ऐकून माहीत आहे. ‘लक्ष देत नव्हता’ असं चार ठिकाणी लिहिलं होतं. त्यातली तीन बदलली. चौथ्या ठिकाणी तो खरंच मुद्दाम दुर्लक्ष करत होता, प्रशिक्षक फार बोलत होते म्हणून.