‘हरित टॅरिफ’ला मराठीत काय म्हणावं?

कपाशीवाला, घाटंजी: शेतकरी गटासाठी सौर पॅनेलवर टिपण लिहितो आहे. त्यात ‘पर्यावरणपूरक मालावर टॅरिफ कमी’ असं वाक्य आलं. वाचून दाखवलं, तर पहिला प्रश्न, “म्हणजे लाइटबिल कमी येईन काय?” इथे टॅरिफ म्हटलं की महावितरणच. ‘जकात’ लिहू काय?

मास्तर, आर्वी: जकातीनं नगरपालिकेचा नाका आठवतो, आणि मुसलमान शेजाऱ्याला दानधर्म. सरळ ‘आयातशुल्क’ लिहा. ‘सीमाशुल्क’ त्याहून व्यापक, त्यात निर्यातीवरचंही येतं. ‘प्रशुल्क’ कोशातच बरा. ‘हरित टॅरिफ’ तर मुळीच नको. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या आदेशात त्याचा अर्थ वेगळाच: सगळी वीज अपारंपरिक हवी असेल, तर युनिटमागे 66 पैसे जादा.

बांबूवाला, कुरखेडा: टॅरिफ कमी कोणी केलं, तेही लिहा. एपेक या आशिया-प्रशांत आर्थिक गटातल्या देशांनी 2012 मध्ये 54 वस्तू निवडून त्यांवरचं आयातशुल्क 2015 अखेर 5 टक्के किंवा त्याखाली आणायचं ठरवलं. यादीत सौर पॅनेल आहेत, बांबूची जमिनीवर बसवायची पाटंसुद्धा आहेत. (आमची सुपं-टोपल्या नाहीत!) पण भारत त्या गटात नाही. आपण 1 एप्रिल 2022 पासून सौर पॅनेलवर उलट 40 टक्के लावले, देशी कारखाने उभे राहावेत म्हणून.

कपाशीवाला: घ्या! कमी केलं तरी हरित, वाढवलं तरी हरित. मग ‘प्रोत्साहनपर शुल्क’?

मास्तर: त्यातून प्रोत्साहन कोणाला, तेच कळत नाही. पॅनेल घेणाऱ्याला की बनवणाऱ्याला? घेणाऱ्यासाठी ‘शुल्कसवलत’, बनवणाऱ्यासाठी ‘संरक्षक शुल्क’. दोन्ही रुळलेले शब्द आहेत. गटाला समजवायला कापूस घ्या. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काही महिन्यांपुरतं काढलं, तेव्हा गिरणीला सवलत मिळाली आणि आपलं संरक्षण गेलं. त्या वेळी आपल्याकडे कोणाला अर्थ विचारावा लागला नाही.

बांबूवाला: एक राहिलं. 2025 च्या अर्थसंकल्पात पॅनेलवरचे ते 40 टक्के फोडले: 20 मूळ सीमाशुल्क, 20 कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर. नुसतं ‘शुल्क निम्मं झालं’ असं लिहू नका, बोजा तेवढाच आहे.

कपाशीवाला: पॅनेलवर शेतीचा उपकर काहून, हे आता गटातले विचारतीलच. ‘उपकर’ तसाच ठेवतो, ‘सेस’ कंसात देतो.