माढा 2024: एकाच पक्षातल्या दोघांची ओढाताण नेमकी कुठं थांबवता आली असती?

प्रश्न: माणदेशी

मी माण तालुक्यातला, नोकरीमुळं पुण्यात असतो. मतदान मात्र गावीच. 13 मार्च 2024 ला भाजपच्या यादीत माढ्यातून रणजितसिंह नाईक-निंबाळकरांचं नाव आलं. तेव्हा धैर्यशील मोहिते-पाटील भाजपमध्येच होते आणि लोकसभेसाठी इच्छुक आहेत हे लपून राहिलेलं नव्हतं. महिनाभरात ते शरद पवारांच्या राष्ट्रवादीत गेले, उभे राहिले आणि 1,20,837 मतांनी निवडून आले. 2019 ला हीच जागा भाजपनं 85,764 मतांनी जिंकली होती. म्हणजे पाच वर्षांत दोन लाखांचा फेर.

हे हाताबाहेर गेलं कधी? यादी लागल्यावर समजूत काढून भागलं असतं का? आणि बूथवरच्या पोरांनी अशा वेळी कुणाचं ऐकायचं? जवळून पाहिलंय त्यांनीच लिहा.

उत्तर: फलटणचा मतदार

आमच्याकडं तर दुहेरी होतं. रामराजे नाईक-निंबाळकर तेव्हा अजित पवारांबरोबर, म्हणजे महायुतीतच, आणि तरी त्यांच्या गटाचा या उमेदवारीला उघड विरोध. पण एक सांगतो, खासदार रणजितसिंह नाईक-निंबाळकरांनी काम केलं नाही असं आमच्या भागात कुणी म्हणणार नाही. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याचा विषय त्यांनी लावून धरला होता. फलटणनं त्यांना साथही दिली. नुसतं ‘चुकीचा उमेदवार दिला’ म्हणून विषय संपवू नका.

उत्तर: नीराकाठ

मी माळशिरस तालुक्यातला. 2019 ला आणि 2024 लाही बूथवर होतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्यांना हे फक्त मार्च-एप्रिलचं वाटतं.

मुळात 2019 बघा. रणजितसिंह मोहिते-पाटील राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये आले, तिकीट मात्र नुकतेच काँग्रेसमधून आलेल्या नाईक-निंबाळकरांना मिळालं. मोहिते-पाटलांच्या अकलूजनं ते मान्य केलं. रणजितसिंहांचे वडील विजयदादा 2014 ला याच मतदारसंघाचे खासदार झाले होते, तरी त्या वेळी शब्द फिरला नाही. माळशिरसनं लाखाच्या वर लीड दिलं. आता एकूण फरक 85 हजारांचा आणि एका तालुक्याचं लीड लाखाचं, तर हिशेब सरळ आहे: उरलेल्या पाच तालुक्यांची गोळाबेरीज केली तर उमेदवार मागं होता. हे आमच्या वस्तीवरच्या पोराला पाठ होतं.

ज्या घराच्या मतांवर खासदार झाले त्या घराशी बसणं-उठणं टिकवायची जबाबदारी कुणाची? माझ्या मते पक्षाची. दोघंही कर्ते, दोघांनाही आपापला तालुका सांभाळायचाय, त्यांच्यात घासाघीस होणारच. पण पाच वर्षांत दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते एका मांडवात बसवून ‘इथलं काम कुणी बघायचं, कुणाला काय मिळणार’ हे कुणीच ठरवलं नाही. एका बैठकीला खासदारांचे लोक, दुसऱ्याला मोहिते-पाटलांच्या वाड्यावरचे. गावात बोर्ड लागायचा तोही दोन वेगळे फोटो लावून. आमच्या भागातल्या एका पदाधिकाऱ्याला मी सरळ विचारलं होतं की वरिष्ठांना हे कळवता का. तो म्हणाला, निवडणूक आली की सगळे एक होतात. नाही झाले.

2019 ला समोर उभे असलेले संजयमामा शिंदे 2024 ला नाईक-निंबाळकरांच्या बाजूनं होते. माढ्याचे आमदार बबनदादा आणि करमाळ्याचे आमदार संजयमामा हे शिंदे बंधू बरोबर आहेत म्हटल्यावर अकलूजची उणीव भरून निघेल असा हिशेब मांडला गेला असावा. पण शिंदे आणि मोहिते-पाटील हे जुनं वैर. शिंदे ज्या बाजूला बसले, तिथं आमच्या तालुक्यानं मन लावून काम करावं ही अपेक्षाच चुकीची होती. आणि माढ्यातही आमदार एकीकडं, मतं दुसरीकडं गेली.

यादी लागल्यावर समजूत काढायला नेते आले, बैठका झाल्या. तोवर अकलूजला मोहिते-पाटलांच्या शिवरत्न बंगल्यावर गावागावातनं गाड्या येऊन लागलेल्या. बाहेर पायरीवर बसलेली म्हातारी माणसं एकच विचारायची, ‘तुतारी घ्यायची का नाही तेवढं सांगा.’ तुतारी म्हणजे शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह. त्या पायरीवरनं मागं फिरायला कुणालाच जागा उरली नव्हती. 14 एप्रिलला पवारसाहेब अकलूजला आले आणि प्रवेश झाला.

7 मेचं सांगतो. केंद्रापासून दोनशे मीटरच्या बाहेर दोन टेबलं. 2019 ला ज्या पोराबरोबर मी एकाच यादीवर पेनानं खुणा केल्या, तो समोरच्या टेबलावर. यादी तीच, कुठला मतदार पुण्याला आहे, कुणाला गाडी पाठवायची, त्याला माझ्याइतकंच ठाऊक. दुपारी एक आजी आल्या, दोन्ही टेबलांकडं बघितलं आणि चिठ्ठी कुणाकडूनच न घेता आत गेल्या. त्या पोराशी नंतर कित्येक महिने धड बोलणं नव्हतं. त्याच्या बहिणीच्या लग्नात मला आमंत्रण नव्हतं, हे मला अजून लागतं.

माणदेशी

धन्यवाद, हे वर्तमानपत्रात मिळत नाही. पण मग पक्षानं काय करायला हवं होतं? विद्यमान खासदाराचं तिकीट कापायचं?

नीराकाठ

कापायलाच हवं होतं असं मी म्हणत नाही. फलटणच्या भाऊंनी लिहिलंय ते बरोबर आहे, त्यांचं काम होतं. पण 2023 च्या दिवाळीआधीच सहाही विधानसभांतले बूथप्रमुख बोलावून, नेते बाहेर बसवून, विचारायला हवं होतं की हा माणूस चालेल का, नसेल तर का. तिकीट द्यायचंच नसेल तर मोहिते-पाटलांना तोंडावर सांगायचं आणि बदल्यात काय ते तेव्हाच लिहून ठरवायचं. इच्छुकाला गावोगाव फिरू द्यायचं आणि यादीत नाव नाही हे टीव्हीवरनं कळू द्यायचं, याला मी संघटना म्हणत नाही.

घरातलंही सोपं नव्हतं बरं का. धैर्यशील तुतारीवर खासदार झाले आणि रणजितसिंह मोहिते-पाटील भाजपचे विधान परिषद आमदार म्हणून तिथंच राहिले. नोव्हेंबरात विधानसभेला माळशिरसमधून तुतारीवर उत्तमराव जानकर निवडून आले, भाजपचे आमदार राम सातपुते पडले. म्हणजे लोकसभेची जागा गेली ती गेलीच, आमदारकीही गेली.

बूथवरच्या पोरांनी काय करायचं विचारलंत. आमच्याकडं आता काही जणांनी ठरवलंय: तालुक्याच्या बैठकीत प्रश्न तोंडी नाही विचारायचा, सह्यांचं पत्र द्यायचं आणि पोच घ्यायची. पहिलं पत्र दिलंय. पोच मिळाली, उत्तर अजून नाही.

फलटणचा मतदार

त्या पत्राचा मजकूर इथं टाका. आमच्याकडूनही तसंच देऊ.