जिरेनियम हिरवंगार, पण कळी नाही. मदत हवी आहे (बेळगाव)

नमस्कार मंडळी,
टिळकवाडीत पहिल्या मजल्यावर राहतो. व्हरांड्यात जिरेनियमच्या कुंड्या आहेत, गोल पानावर गडद पट्टा असतो ती जात. नर्सरीतून आणली तेव्हा लाल गुच्छ होते. आता पानंच पानं, झाड उंच झालंय, कळीचा पत्ता नाही. ऊन सकाळी तासभर. तांबडी माती नि शेणखत निम्मं निम्मं, अधूनमधून चिमूटभर युरिया, पाणी रोज. आईचं म्हणणं, कुंडी लहान पडली, मोठी आण. शिवाय यंदाच्या पावसात एक झाड बुडाशी खोड काळं पडून गेलं. बाकीच्यांचं काय करू?

शहापूरकर:
आईंना सांगा, कुंडी राहू दे. मुळं थोडी आवळलेली असली की जिरेनियम उलट जास्त फुलतं. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि तेच त्याला सोसत नाही.
युरिया आजच बंद करा. त्यातल्या नत्राने पानं वाढतात, म्हणून तर तुमची झाडं एवढी माजलीत. पण खरी अडचण उन्हाची. पाच-सहा तास तरी हवं. एप्रिल-मेमध्ये तेवढी दुपारची सावली द्या. मातीत बोट खुपसून बघा, वरचा इंचभर थर सुकला असेल तरच पाणी.
पाऊस ओसरलाय तर उंच फांद्या निम्म्याने छाटा, खालून फुटवे येतील. छाटलेल्या शेंड्यांची कलमं वाळूत लागतात. पुढे गुच्छ सुकला की देठासकट मोडायचा, नुसत्या पाकळ्या झाडून उपयोग नाही.
काळं खोड म्हणजे बुरशी. ते झाड वाचत नाही, त्याची माती दुसऱ्या कुंडीत घालू नका.

मूळ प्रश्नकर्ता:
खूप आभार. ऊन फक्त गच्चीवर आहे, तिथे नेतो. फुलांसाठी केळीची सालं घातली तर चालतील का?

खानापूरकर:
सालं पुरू नका हो, चिलटं होतात. खताच्या दुकानात ०-०-५० (नत्र नसलेलं, पालाशचं खत) मागा, लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. नव्याने भराल तेव्हा शेणखत कमी करून जाड वाळू वाढवा. आणि गच्चीवर नेताय ते ठीक, पण जून लागला की पत्र्याखाली आणा. आमच्याकडे खानापुरात तर पावसात उघड्यावर एकही टिकत नाही.
छाटायच्या आधी एक फोटो टाका ना, पानाखाली तपकिरी ठिपके आहेत का बघू. तांबेरा (पानावरचा बुरशीचा रोग) असेल तर ती पानं आधी काढावी लागतील.